जेलची गादी: तीन किलोच्या बाळाला झकास, आठशे ग्रॅमच्या बाळाला जरा थांबा

आजारी नवजात बाळांना एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेणाऱ्या पथकात मी नर्स आहे. अकरा वर्षं झाली. आमच्या ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे बाळाला गाडीतून नेताना ऊबदार ठेवणाऱ्या पेटीत, घालायला गेल्या वर्षी जेलची एक गादी आली. ट्रॉली तीच, इन्क्युबेटर तोच, फक्त फोमची जुनी गादी काढून त्या जागी ही. चौदा महिने वापरून झाली, म्हणून आता लिहायला बसले. कंपनीचं नाव लिहीत नाही. कुणाची बदनामी करायची नाहीये, आणि मी सांगणार आहे ते कुठल्याही जेलच्या गादीला विचारून बघावं असंच आहे.

गादी दिसायला देखणी. निळसर, अर्धवट पारदर्शक, बोटाने दाबली की खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो. आल्या दिवशी युनिटमधल्या प्रत्येकाने ती एकदा तरी दाबून बघितली, सीनियर डॉक्टरांनी दोनदा. जाडी तीन सेंटिमीटर. वजन मात्र अडीच किलोच्या आसपास, म्हणजे तिच्यावर झोपणाऱ्या बऱ्याच बाळांपेक्षा जास्त. एका हाताने उचलायला गेलात तर मधोमध लोंबते आणि मनगट वाकतं. वरचं आवरण एकसंध आहे, कुठे शिवण नाही. रक्त, उलटी, सगळं पुसून निघतं. सफाईच्या बाबतीत फोमपेक्षा शंभर पटींनी बरी, हे आधीच कबूल करते.

माहितीपत्रकावर एक आलेख होता. साध्या गादीवरची कंपनं लाल रेघेने, जेलवरची निळ्या रेघेने, आणि निळी रेघ लालच्या निम्म्यावर. आलेखाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती: चाचणीसाठी ३ किलो वजनाची बाहुली वापरली. ती ओळ मी वाचली नव्हती. कुणीच वाचली नव्हती.

पहिली फेरी सव्वातीन किलोला थोडं कमी अशा बाळाची झाली. पूर्ण दिवसांचं, पोटातच शी केलेलं, ते पाणी फुफ्फुसात गेलेलं, व्हेंटिलेटरवर. ही बाळं म्हणजे नुसता धसका. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे नुसतं डायपर बदललं, दार आपटलं, गाडी खड्ड्यात गेली, की सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) घसरतं आणि वर यायला दहा-दहा मिनिटं घेतं. दीड तासाच्या त्या प्रवासात सॅच्युरेशन एकदाच पडलं, तेही मी नळीतला चिकट स्राव ओढून काढला (सक्शन केलं) तेव्हा. मॉनिटरवरची ईसीजीची रेघ एरवी चालत्या गाडीत केसाळ सुरवंटासारखी दिसते, ती स्वच्छ होती. गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा मी माझ्या सीटवरून उडाले, बाळाच्या गालाचं मांस जागचं हललं नाही. परत आल्यावर वहीत लिहिलं, ‘गादी उत्तम’. खाली दोन रेघा ओढल्या.

मग तीन आठवड्यांनी गर्भारपणाच्या सत्ताविसाव्या आठवड्यातच जन्मलेलं बाळ आलं. वजन ८१० ग्रॅम, वय पाच तास.

सगळं रीतसर केलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, डोक्यावर टोपी, कापडाच्या गुंडाळ्यांचं घरटं, डोकं मधोमध सरळ, डोक्याकडची बाजू थोडी वर. श्वासनलिकेत घातलेली ट्यूब ओठाशी ७ सेंटिमीटरच्या जरा अलीकडे पक्की केलेली. गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि वेग घेतला, तेव्हा माझं लक्ष टोपीच्या गाठीतून बाहेर आलेल्या एका धाग्याकडे गेलं. धागा थरथरत होता. खड्ड्याने बसतो तसा हिसका नव्हे. एकसारखी, बारीक, न थांबणारी थरथर. मला वाटलं आतल्या पंख्याची हवा लागत असेल. टॉर्च मारून पाहिलं तर पिशवीच्या आतल्या पोटरीवरही तीच थरथर. मग इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात आत घातला आणि दोन बोटं डोक्याजवळ गादीवर टेकवली. शिलाई मशीन चालू असताना टेबलावर हात ठेवला की लागते तशी झिणझिण लागली. बोटं तशीच सरकवून गादीखालच्या पत्र्याच्या ट्रेवर नेली. तिथे कमी!

म्हणजे गाडीतून येणारा थरथराट गादी शोषत नव्हती. वाढवून वर पोचवत होती.

पुढे बसलेल्या चालकदादांना काच ठोकून वेग कमी करायला सांगितलं. एका ठरावीक वेगाच्या खाली आल्यावर धागा शांत झाला. बाकीचा प्रवास त्याच वेगाने. सव्वा तासाचं अंतर पावणेदोन तासांत. उतरल्यावर दादांनी विचारलं, “सिस्टर, आज काय झालं होतं?” मी म्हटलं, “गादी.” त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

परतीच्या फेरीत इन्क्युबेटर रिकामा होता. एक लिटरच्या सलाईनच्या पिशवीचं वजन साधारण एक किलो, आणि ती बाळासारखीच लिबलिबीत असते. तीन पिशव्या एकत्र बांधून गादीवर ठेवल्या, वर फोन चिकटवला आणि हादरे मोजणारं ॲप लावलं. मग एकच पिशवी. मग पुढच्या फेरीत हाच प्रकार जुन्या फोमवर. तोच रस्ता, तोच वेग. तीन पिशव्यांना जेल सरळसरळ जिंकलं. एका पिशवीला जेलवर फोमपेक्षा जास्त हादरे. आमच्या बायोमेडिकल इंजिनियरला हे दाखवलं तर त्याने आधी मला झापलं: फोनचंच वजन पाव किलोच्या घरात, म्हणजे तुमच्या छोट्या बाळाच्या डोक्यावर तुम्ही एक वीट ठेवून मोजताय. खरं आहे. पण मग म्हणाला, फोन काढला तर आकडा आणखी वाईट येईल.

त्याने समजावलं ते मला आजवरच्या कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. कपाटाच्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा त्याने एका रबर बँडला लटकवला आणि हात वरखाली भराभर हलवला. हात हलतोय, जुडगा जवळपास स्थिर. मग एक सोडून सगळ्या किल्ल्या काढल्या आणि हात तसाच हलवला. ती एकटी किल्ली हाताबरोबर नाचायला लागली, मधेच हातापेक्षा जास्त उसळली. रबर तेच, हात तोच, फक्त वजन कमी.

गादी म्हणजे ते रबर. प्रत्येक लवचीक वस्तूला, तिच्यावर ठेवलेल्या वजनानुसार, झुलण्याची स्वतःची एक गती असते. खालून येणारे हादरे त्या गतीपेक्षा बरेच जलद असले तर गादी ते गिळते. तिच्या गतीच्या जवळपासचे असले तर ती त्यांना झोका देते. वजन चौथाई झालं की ही गती दुप्पट होते. ३.२ किलोच्या जागी ८०० ग्रॅम ठेवले म्हणजे बरोबर तेच झालं. ज्या थरथराटाला मोठ्या बाळाखालची गादी गिळत होती, तिथेच छोट्या बाळाखालची गादी तालात आली. शिवाय जेल काही आदर्श स्प्रिंग नव्हे. हलकं बाळ त्यात रुततच नाही, वर टेकून राहतं. थोडक्यात, ज्याच्यासाठी ही गादी घ्यावी असं वाटतं, त्याच्याच बाबतीत ती उलटते.

आणि थरथरीची भीती त्याच बाळाची जास्त. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, आतल्या पोकळ्यांच्या कडेला, नाजूक रक्तवाहिन्यांचं एक जाळं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळात ते विरून गेलेलं असतं. या वाहिन्यांना नीटसा आधार नसतो, आणि रक्तदाब वरखाली झाला तर मेंदूचा रक्तप्रवाह सांभाळून घ्यायची यंत्रणाही कच्ची असते. मेंदूतला रक्तस्राव व्हायचा तर बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत होतो, आणि आम्ही यांना हलवतो तेही नेमकं पहिल्या काही तासांत. दुसऱ्या रुग्णालयात जन्मून गाडीतून आलेल्या अशा बाळांत हा रक्तस्राव जास्त आढळतो, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. सगळा दोष गाडीच्या हादऱ्यांचा असं मी म्हणणार नाही. ही बाळं मुळात जास्त आजारी असतात, त्यांच्या आयांना वेळेवर औषधं मिळालेली नसतात. पण म्हणून टोपीचा धागा थरथरत असताना मी खिडकीबाहेर बघत बसू का?

आणखी एक गोष्ट मला तेव्हा समजली आणि संताप आला. ट्रक-ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाने दिवसभरात किती हादरे खावेत याला नियम आहे. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या हिशेबाने सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या पुढे जायचंच नाही. हे आकडे सत्तर किलोच्या, खुर्चीत बसलेल्या, दुखलं तर ओरडू शकणाऱ्या माणसासाठी. आडव्या झोपलेल्या आठशे ग्रॅमच्या बाळासाठी असा ठरलेला आकडा नाही. म्हणून गादीवाला ‘निम्म्यावर’ म्हणाला की विचारायचं, कशाच्या निम्म्यावर आणि किती वजनाला.

आता गारठ्याचं. इथे चूक गादीची नाही, माझी आहे, पण गादी घेणाऱ्याला कळायला हवी. फोम हातात घेतला की लगेच कोमट होतो. जेल होत नाही. अडीच किलोचा थंड गोळा तापायला वेळ घेतो, आणि तोवर अंगावर टेकलेल्या बाळाकडून ऊब ओढून घेतो. आमची ट्रॉली कायम प्लगला लावून गरम ठेवलेली असते, गादी आत असते, त्यामुळे एरवी प्रश्न येत नाही. एकदा गादी धुऊन कपाटात ठेवली होती, निरोप आला, मी ती काढून घातली आणि निघालो. आतल्या हवेचं तापमान तासाभरात हवं तितकं झालं होतं, काट्याकडे बघून मी निर्धास्त. पोचल्यावर बाळाचं तापमान ३५.९. साडेछत्तीस ते साडेसदतीस हवं. ३६ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ती मध्यम गारठ्याची पायरी. हवा गरम आणि पाठ गार, असा प्रकार. आता धुतलेली गादी आधी चालू इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवतो, आणि बाळ ठेवण्याआधी तळहात नाही, मनगटाची आतली बाजू टेकवून बघतो.

उंचीचाही एक त्रास आहे. जुना फोम बाळाखाली दबून सेंटिमीटरभर उरायचा, जेल तीनच्या तीन राहतं. बाळ दोन सेंटिमीटर वर आलं. वाचायला किरकोळ वाटेल. पण व्हेंटिलेटरच्या नळ्या धरणारा हूक पूर्वीच्याच उंचीवर, त्यामुळे नळी ट्यूबला खाली ओढायला लागली. बाळाची हनुवटी छातीकडे झुकली की ट्यूबचं टोक खाली सरकतं, मान मागे गेली की वर. एवढ्याशा श्वासनलिकेत अर्ध्या सेंटिमीटरने एका फुफ्फुसात जाऊ शकते किंवा बाहेर येऊ शकते. आम्ही हूक वर घेऊन बसवला, पट्ट्यांची लांबी बदलली. हे काम गादी बसवतानाच करून घ्या, पहिल्या पेशंटवर नाही. आणि आवरण गुळगुळीत असल्यामुळे ब्रेक लागला की बाळ डोक्याच्या किंवा पायाच्या दिशेने सरकतं; वर सुती चादर आणि दोन्ही बाजूंनी घट्ट गुंडाळी लावल्याशिवाय नेऊ नका.

माहितीपत्रकात ‘शांत प्रवास’ असंही लिहिलंय. आवाजाशी या गादीचा काडीचा संबंध नाही. इन्क्युबेटरचा प्लास्टिकचा घुमट म्हणजे ढोल. बाहेरून ट्रेवर ठेवलेलं पेनसुद्धा आत घुमतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने १९९७ मध्ये नवजात कक्षातल्या आवाजासाठी ४५ डेसिबलची रेघ ओढली होती. चालत्या गाडीत माझ्या फोनने आत कधी साठच्या खाली आकडा दाखवला नाही, आणि दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. त्यासाठी कानांवर मऊ आच्छादन, खिडक्यांच्या कड्या हाताने दाबून बंद करणं आणि अलार्म वाजल्याबरोबर बघणं, एवढंच हातात आहे. गादी घेऊन ते होणार नाही.

एका बाबतीत मात्र जेलला मनापासून गुण देते. हवाई पथकातल्या एका मैत्रिणीकडे हवा भरायची गादी आहे. विमान वर गेलं, केबिनचा दाब आठ हजार फुटांवर असतो तितका झाला, की हवा साधारण तिसऱ्या हिश्शाने फुगते आणि गादी चेंडूसारखी ताठ. मग मैत्रीण बसून हवा सोडत असते, उतरताना पुन्हा भरत असते. जेलला उंचीचं काही सोयरसुतक नाही.

तर फेकून दिली का? नाही. इंजिनियरनेच सुचवलं: जेल काढू नका, तिच्या खाली मऊ फोम घाला. आता झुलणारं वजन आठशे ग्रॅम राहिलं नाही, फोमवर बाळ आणि गादी मिळून सव्वातीन किलो झाले. एका किल्लीला परत जुडगा बांधल्यासारखं. जी जड गादी उचलताना मी शिव्या घालत होते, तिचं वजनच कामाला आलं. एका सलाईनच्या पिशवीने परत मोजलं. आकडा नुसत्या जेलपेक्षा आणि नुसत्या फोमपेक्षाही खाली आला. किंमत म्हणजे उंची आणखी वाढली आणि नळ्यांचा हूक पुन्हा हलवावा लागला. आमच्या ट्रॉलीला, आमच्या गाडीला हे जमलं. तुमची गाडी वेगळी, सस्पेन्शन वेगळं, ट्रेचे स्क्रू ढिले असतील तर गोष्टच वेगळी. सलाईनची पिशवी घ्या आणि स्वतः मोजा, अर्धा दिवस जातो. दीड किलोच्या आतलं बाळ असेल तर वेगाचं आम्ही आता निघण्याआधीच दादांशी बोलून ठेवतो, आणि बाळ स्थिर करायला लागेल तेवढा वेळ पाठवणाऱ्या रुग्णालयातच घेतो. घाईने निघून गाडी पळवण्यापेक्षा ते परवडतं.

पाचपैकी गुण द्यायचे तर: अडीच किलोच्या वरच्या बाळाला साडेचार, छोट्या बाळाखाली नुसती घातली तर एक, फोमवर ठेवून चार. सफाईला पाच. माहितीपत्रकाला शून्य.

मागच्या महिन्यात कंपनीचा प्रतिनिधी अभिप्राय घ्यायला आला होता. त्याला विचारलं, आठशे ग्रॅमवरचा आलेख आहे का? तो प्रामाणिक मुलगा, म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे तेवढी हलकी बाहुली नाही.” मी एक लिटरची सलाईनची पिशवी काढली, २०० मिलिलिटर बेसिनमध्ये सोडलं, तोंड चिकटपट्टीने बंद केलं, मार्करने वर ‘८०० ग्रॅम’ लिहिलं आणि त्याच्या हातात दिली. नेली त्याने. आलेख अजून आलेला नाही.